नूडल्स चांगल्या नाहीत

मागच्या एप्रिलमध्ये एका रात्री सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला, हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि स्क्रीन माझ्यापुढे केली. भाषांतराच्या ॲपने इंग्रजीत दाखवलं होतं : ‘नूडल्स चांगल्या नाहीत.’ मी मान हलवली. शनिवारी बॉक्स हिलला जाऊन दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणलं. त्यांनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि ‘श्ये श्ये’ म्हणाल्या. म्हणजे थँक्यू. विषय संपला असं मला वाटलं.

मी कराडची. नवरा चीनच्या सिचुआन प्रांतातला. मेलबर्नला शिकायला आलो आणि इथेच राहिलो. घरात आम्ही दोघं इंग्रजी बोलतो, तो त्याच्या आईशी मँडरिन बोलतो आणि मी माझ्या आईशी फोनवर मराठी. सासूबाई ६४ वर्षांच्या. मी त्यांना ‘मा’ म्हणते, चिनीतही आईला तेच म्हणतात म्हणून. आमचा दोघींचा संसार हातवारे, भाजी निवडणं आणि त्या ॲपवर चालतो.

जूनमध्ये मांचं जेवण कमी झालं, चेहरा उतरला. नवरा त्यांना फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेला. दुभाषी तोच. मा खाली बघत काहीतरी पुटपुटल्या आणि त्याने सांगितलं, ‘पोटात खाली दुखतं म्हणते.’ रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी आलं. डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या पोटाच्या स्पेशालिस्टसाठी चिठ्ठी दिली. सरकारी हॉस्पिटल, त्यामुळे तारीख मिळाली ऑगस्टची.

ऑगस्टमध्ये दुभाषी आला, पण कँटोनीजचा. बुकिंग करताना कुणीतरी भाषेच्या रकान्यात नुसतं ‘चायनीज’ लिहिलं होतं. हाँगकाँगकडची कँटोनीज आणि मांची मँडरिन यांची लिपी बरीचशी एक असली तरी बोलणं एकमेकांना कळत नाही. आपल्याला देवनागरी येते म्हणून नेपाळी कळत नाही, तसंच. त्या भल्या माणसाला थोडंफार मँडरिन येत होतं. पण ‘आजाराबद्दल बोलण्याइतकं येत नाही,’ असं त्याने स्वतःच डॉक्टरांना सांगून टाकलं. नवरा म्हणाला, ‘मी सांगतो ना, मुलगा आहे मी.’ डॉक्टरबाई नको म्हणाल्या. फोनवर दुसरा दुभाषी मिळेपर्यंत आमची वेळ संपली होती. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

मला तेव्हा त्या डॉक्टरबाईंचाच राग आला होता. मुलगा समोर उभा असताना परक्या माणसासाठी तीन आठवडे घालवायचे?

रागारागातच मी फोन करायला लागले. तेव्हा कळलं की या देशात ही सोय केवढी जुनी आहे. फोनवरून दुभाषी देणारी सरकारी सेवा इथे १९७३मध्ये सुरू झाली. आजही १३१ ४५० या नंबरवर चोवीस तास दुभाषी मिळतो. दुभाषांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी ‘नाटी’ ही संस्था १९७७पासून आहे. सरकारी हॉस्पिटलमध्ये दुभाष्याचे पैसे पेशंटला द्यावे लागत नाहीत. २०२१च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये इंग्रजीखालोखाल मँडरिनच आहे, म्हणजे दुभाषांचा दुष्काळही नाही. फक्त मागताना नीट मागावं लागतं.

हॉस्पिटलच्या भाषा विभागातल्या बाईने मला विचारलं, ‘मँडरिन नक्की? गाव कुठलं? बोली वेगळी आहे का? आणि दुभाषी बाई हवी की पुरुष?’

शेवटच्या प्रश्नावर मी थांबले. हे मांना कुणीच विचारलं नव्हतं. मी ॲपवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं आणि लगेच बोट माझ्याकडे दाखवलं. म्हणजे बाई.

सप्टेंबरमध्ये आली ती पन्नाशीची, सपाट चपला घातलेली, साधीशी बाई होती. मांना ती ‘आयी’ म्हणाली, आपण अनोळखी बाईला मावशी म्हणतो तसं. मग तिने दोन्ही भाषांत नियम सांगितले. इथे जे बोललं जाईल ते सगळं मी सांगेन, काही गाळणार नाही, काही घालणार नाही. खोलीतलं खोलीबाहेर नेणार नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मा म्हणाल्या, ‘श्यामिएन बु हाओ.’

दुभाषी बाईने हात किंचित वर केला. ‘एका शब्दाचा अर्थ मला पेशंटकडून स्पष्ट करून घ्यायचाय,’ असं डॉक्टरांना सांगितलं आणि मांना काहीतरी विचारलं. मा गप्प झाल्या. मग मुलाकडे वळून त्यांनी थर्मास पुढे केला. गरम पाणी घेऊन ये. तो उठून बाहेर गेला. दार लागलं.

मा बोलायला लागल्या. त्यांच्यामागून दुभाषी बाई इंग्रजीत बोलत होती, पण ‘त्या म्हणतात’ असं नाही, ‘मी’ असं. ‘मला पाच महिन्यांपासून रक्त जातंय. माझी पाळी जाऊन १३ वर्षं झाली. हे मुलाला कसं सांगू? सुनेला सांगितलं होतं.’

मी म्हटलं, ‘मला?’

श्यामिएन म्हणजे ‘खाली’. ‘खालचं बरं नाही,’ असं मांना म्हणायचं होतं. आणि उकळत्या पाण्यात नूडल्स सोडण्यालाही चिनीत श्यामिएनच म्हणतात. एप्रिलमध्ये त्यांनी सगळं धैर्य गोळा करून मला सांगितलं होतं आणि मी ब्रँड बदलला होता.

डॉक्टरबाईंनी तिथूनच स्त्रीरोग विभागाला फोन लावला. पाळी गेल्यानंतर रक्त गेलं तर तपासायलाच हवं, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं ते पहिलं लक्षण असू शकतं, असं त्यांनी समजावलं. सोनोग्राफी झाली, बायोप्सी झाली. कॅन्सरच निघाला, पण गर्भाशयाबाहेर गेलेला नव्हता. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं.

नवरा बरेच दिवस स्वतःला दोष देत होता. तो खोटं बोलला नव्हता. आई जेवढं बोलली तेवढंच त्याने पुढे दिलं होतं. नंतर मी फ्लोरिडातली १९८०ची एक केस वाचली. आरोग्य-दुभाषांच्या प्रशिक्षणात ती नेहमी सांगितली जाते. क्युबन कुटुंबातला १८ वर्षांचा मुलगा बेशुद्ध होता. घरचे म्हणाले, ‘इंतॉक्सिकादो’. त्यांना म्हणायचं होतं, काहीतरी खाल्लेलं बाधलं. डॉक्टरांना ऐकू आली नशा. मेंदूत रक्तस्राव होत असताना उपचार झाले ड्रग्जच्या ओव्हरडोसचे आणि मुलाचे हातपाय कायमचे गेले. दुभाषी कुणी मागवलाच नव्हता, कारण समोरच्याचं आपल्याला कळलंय असं दोन्ही बाजूंना वाटत होतं.

ऑपरेशननंतर आईचा कराडहून फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना मला आमच्या गावातली डॉक्टरांची केबिन दिसत होती. डॉक्टर आईला विचारायचे आणि उत्तर बाबा द्यायचे, ‘हिला जरा अशक्तपणा आहे.’ मी बाजूच्या स्टुलावर. आई पदराशी खेळत बसायची. तिथे तर सगळे मराठीच बोलत होते. आपल्याकडे यासाठी शब्दही आहे, ‘अंगावरून जातं’. तो बायका बायकांत बोलतात, तोही दार लोटून.

मी विचारलं, ‘तू डॉक्टरकडे एकटी कधी गेलीयेस का गं?’

ती हसली. ‘एकटी कशाला जाऊ? तुझे बाबा असतात की.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘तू ये डिसेंबरात. तेव्हा जाऊ आपण दोघी. एक दाखवायचं राहिलंय.’

मी तिकीट डिसेंबरचं नाही, पुढच्या आठवड्याचं काढलं. निघायच्या आदल्या रात्री मांनी माझ्या आईसाठी पिशवीत एक पाकीट भरलं. जुन्या ब्रँडच्या नूडल्सचं. नवी कंपनी त्यांना अजिबात आवडली नव्हती.