चेहऱ्याच्या शेजारचा रंग

केसांचा रंग केसांकडे बघून निवडला की बहुधा फसतो. तो चेहऱ्याकडे बघून निवडावा लागतो. पार्लरमध्ये मात्र हाती पडतं ते शेड कार्ड: कथ्थई, तांबूस, बर्गंडी, ॲश ब्राऊन असे ओळीने डकवलेले, दिव्याखाली लखलखणारे झुपके. त्या झुपक्यांच्या शेजारी पुठ्ठा असतो. आपल्या केसांच्या शेजारी गाल असतो, कपाळ असतं, डोळ्यांखालची सावली असते. आणि रंग शेजाराने बदलतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की तिथला काळा रंग फिका उतरतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा निस्तेज भासत होता. या शेजारधर्मावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि सोनेरी केसांच्या, काळ्या केसांच्या स्त्रियांना कोणते रंग खुलतात याचाही त्यात विचार केला. साडी घेताना आपल्या बायका हेच करतात: पदर खांद्यावर टाकून दुकानाच्या दाराशी, उजेडात जातात. केसांच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जातं, कळत नाही. मनगटाची शीर निळी की हिरवी, हे पाहून त्वचेची छटा ओळखायला सांगतात, पण सावळ्या मनगटावर ते नीट दिसतच नाही. त्यापेक्षा खिडकीपाशी उभं राहून एकदा तांबूस आणि एकदा राखाडी कापड गालाशी धरावं. कोणत्या कापडाने चेहरा दमलेला वाटतो, ते लगेच दिसतं. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याशी राखाडी झाक बऱ्याचदा जुळत नाही आणि तांबूस कथ्थई मात्र गालावर ऊब आणते, असं माझं मत आहे.

दुसरा शेजारी केसाच्या आतच असतो. आपल्या काळ्याभोर केसात मेलॅनिन ठासून भरलेलं असतं. ब्लीच लावल्यावर ते एकदम जात नाही. फॉइल उघडून पाहिलं तर काळा आधी लालसर तपकिरी होतो, मग तांबडा, मग केशरी, आणि बऱ्याच वेळाने पिवळा. जाहिरातीच्या चित्रातला थंड राखाडी रंग या केशरीवर टोनर चढवून मिळवलेला असतो. काही आठवड्यांच्या धुण्यात टोनर उतरतो आणि केशरी वर येतो. रंगाच्या पट्टीत १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपले केस बहुतेक १ ते ३ मधले. २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यांना एक-दोन पायऱ्या वर नेतो. शोभणारा रंग बहुधा तेवढ्याच टप्प्यात सापडतो.

मग बदल दिसणार कसा, पैसे कशाला घालवायचे, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. पण दोन पायऱ्यांचा कथ्थई सावलीत काळाच राहतो आणि उन्हात पेटतो. केस हलले की दिसतो, थांबले की लपतो. शिवाय केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. ही जवळची शेड वाढत्या मुळांशी मिसळून जाते. फिक्या सोनेरीखाली मात्र भांगात काळी रेघ उभी राहते आणि दर महिन्याला खुर्ची गाठावी लागते. कुणाला मोरपंखीच हवा असेल तर त्यानेही हौस जरूर करावी. तो रंग कानाखालून टोकांकडे न्यावा, म्हणजे चेहऱ्याशेजारी आपला काळा राहतो आणि टाळूच्या कातडीला ब्लीच लागत नाही. पांढरे केस झाकणाऱ्यांनीही चेहऱ्याकडेच बघावं. वयाबरोबर त्वचा बदलते, भुवया विरळ होतात, आणि तरुणपणीचा गडद काळा चेहऱ्याला कठोर करतो. तिथे गडद तपकिरी घ्यावा. एकदा चढवलेला काळा नुसत्या फिक्या रंगाने उजळत नाही, तो बहुधा ब्लीचने काढावा लागतो.

शेड ठरली तरी त्याच दिवशी रंग लावून घेऊ नका. पक्क्या रंगांत, आणि झटपट रंगणाऱ्या कित्येक ‘काळ्या मेंदी’तही, पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. रंगाचा थेंब कानामागे लावून ४८ तास थांबा. तेवढ्यात ती शेड दिवसाच्या उजेडात आणखी एकदा गालाशी धरून बघा.