उपकार कुणाचे मानायचे?



चार महिने इथे काही लिहिले नाही. ह्यांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली, झडप बदलावी लागली. आता तब्येत चांगली आहे. सकाळी बस्तीपर्यंत चालत जाऊन अभिषेक पाहून येतात. भेटायला येणारे सगळे एकच वाक्य बोलतात, "देवाची कृपा!" मीही "हो ना" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. पण खरे सांगायचे तर आपल्या धर्मात असे म्हणता येते का? जिनेंद्र भगवान वीतराग. ते कुणावर प्रसन्न होत नाहीत आणि कुणावर रुसतही नाहीत. आपण दर्शन घेतो ते त्यांच्यासारखे व्हावे म्हणून, काही मागायला नव्हे. मग ह्यांचा जीव वाचला, त्यासाठी हात कुणापुढे जोडायचे?

सासूबाईंचे वय 86. त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच हुमचाच्या पद्मावतीला साडी बोलली. ह्यांना ते पटले नाही. "आई, देवीशी कसला व्यवहार?" म्हणाले. मी मात्र मध्ये पडले नाही. मुलाची छाती उघडणार म्हटल्यावर त्या माउलीला सिद्धांत शिकवणारी मी कोण?

दुखणे तसे हळूहळू आले. जिना चढताना दम लागायचा, एकदा अंघोळीनंतर चक्कर आली. तपासणीत कळले की हृदयातून महाधमनीत रक्त जाते तिथल्या झडपेवर कॅल्शियम साठून ती आक्रसली आहे. त्यावर औषध नाही, बदलणे हाच इलाज. डॉक्टरांनी दोन प्रकार समजावून सांगितले. एक प्राण्यापासून केलेली, म्हणजे डुकराची झडप किंवा गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवलेली. ती साधारण दहा-पंधरा वर्षे टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही. दुसरी यांत्रिक. ती पुष्कळ वर्षे चालते, पण गोळी कायमची आणि रक्ताची तपासणीही कायमची. ह्यांचे वय 64, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा.

ठरवायला आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत. जन्मात अंडे घरात आले नाही, मग छातीत हे कसे बसवून घ्यायचे? धाकटा दीर म्हणाला, आपल्या देशातही यांत्रिक झडप बनते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली आणि 1990 साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली. धातूची चौकट, आत प्लास्टिकची तबकडी. ऐकून फार बरे वाटले. यांत्रिक झडप नक्की झाली आणि आम्हाला वाटले, धर्मही राहिला आणि जीवही राहील.

दोन दिवसांनी मुलगा रात्री उशिरा आमच्या खोलीत आला. "आई, झडप कुठलीही घेतली तरी हेपारिन द्यावंच लागतं." हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, तेव्हा ते गोठू नये म्हणून ते औषध लागते. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात. आणि शस्त्रक्रिया संपल्यावर त्याचा परिणाम उतरवायला जे देतात, तेही माशापासून. ह्यांनी सगळे ऐकले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी म्हणाले, "राहू दे शस्त्रक्रिया. जेवढं आयुष्य असेल तेवढं."

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. तेव्हा आर्यिका माताजींचा संघ जवळच्या गावी मुक्कामाला होता. संध्याकाळच्या आत आम्ही तिकडे गेलो. माताजींनी शांतपणे ऐकून घेतले. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपल्याला पाठ आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. माताजींनी ते पुन्हा उलगडून सांगितले. मारण्याचा संकल्प करून केलेली हिंसा श्रावकाने सोडायचीच. पण गृहस्थ जीवनात जे टळत नाही ते कमीत कमी व्हावे, यासाठी जपायचे. झडपेत निवड करता येत होती, ती तुम्ही केली. इथे निवडच नाही. मग ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "औषध घ्या. पण माहीत नसल्यासारखं घेऊ नका."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. कृतज्ञतेचा माझा सगळा विचार त्या दिवसापासून बदलला. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की जीव एकमेकांवर उपकार करत असतात. जैनांच्या प्रतीकाखाली तेच सूत्र लिहिलेले असते, लग्नपत्रिकेवरही आपण छापतो. छापताना आपल्या मनात असतात ती शेजारी, नातलग अशी चांगली माणसे. आपल्याला कधी न दिसलेला, आपल्यासाठी काही द्यायची इच्छा नसलेला एखादा मुका जीवही त्यात येतो, हे मला पन्नास वर्षे स्वाध्याय ऐकूनही जाणवले नव्हते.

रुग्णालयातले दिवस थोडक्यात सांगते. शस्त्रक्रिया चालू असताना मी भक्तामर म्हणत होते, सून मोबाइलवर णमोकाराचा जप मोजत होती. त्याने आतले काही बदलले असे मी म्हणणार नाही. पण माझे हात कापायचे थांबले, हे मात्र नक्की. रक्ताच्या पिशव्या लागल्या. त्या बदल्यात बस्तीतल्या तरुण मुलांनी रक्तदान केले, पण ह्यांना चढवलेले रक्त कुणाचे होते ते कळत नाही. कुठल्या जातीचा, काय खाणारा माणूस, कुणास ठाऊक! सोवळ्याओवळ्यात आयुष्य गेलेल्या सासूबाईंनी ते ऐकून फक्त एवढेच विचारले, "त्या पोराला अशक्तपणा नाही ना आला?"

घरी आल्यावर खरी कसोटी लागली. छातीचे हाड तारेने शिवलेले. ते भरून यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचे नाही, कुशीवर झोपायचे नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. पंचांग प्रणाम बंद झाला, त्याचे ह्यांना सगळ्यात वाईट वाटले. खुर्चीवर बसून हात जोडायचे. कॅप्सूलच्या आवरणाबद्दल विचारले तेव्हा डॉक्टरांनी जिथे जमले तिथे साध्या गोळ्या लिहून दिल्या. विचारायला लाजू नका.

आता आपल्या स्वयंपाकघराची गोष्ट, कारण हे कुणी सांगत नाही. रक्त पातळ ठेवणारी ती गोळी आणि पालेभाज्या यांचे नाते फार नाजूक. मेथी, पालक, माठ यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते गोळीच्या उलट काम करते. म्हणजे पालेभाजी खायचीच नाही असे नाही, पण प्रमाण सारखे हवे. आणि आपल्याकडे काय? चातुर्मास लागला की पालेभाजी बंद, संपला की रोज मेथी! बंद केली की रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्रावाची भीती, एकदम सुरू केली की झडपेवर गुठळीची भीती. मी आषाढी चतुर्दशीच्या आधीच डॉक्टरांना सगळे नियम लिहून दाखवले. ते हसले नाहीत. दर आठवड्याला आयएनआर तपासून त्यांनी गोळीचे प्रमाण बसवून दिले. माझ्या वहीत दोन रकाने आहेत, एका बाजूला भाजी, दुसऱ्या बाजूला आकडा. तुमच्या घरी कुणी ही गोळी घेत असेल तर नियम सोडायच्या किंवा धरायच्या आधी डॉक्टरांना सांगा, मनाने काही करू नका. गोळीची वेळही रोज एकच लागते. आम्ही संध्याकाळी साडेपाच ठरवली, म्हणजे रात्री काही घेण्याचा प्रश्न नाही.

दशलक्षणात हे दरवर्षी दहा दिवस एकाशन करतात. या वर्षी डॉक्टरांनी नको म्हटले. मग रसपरित्याग केला, तूप आणि साखर सोडली. डॉक्टर म्हणाले, हे तर मीच सांगणार होतो!

पांजरपोळात हे आता दर महिन्याला चाऱ्याचे पैसे देतात. पावतीवर स्वतःचे नाव घालत नाहीत. सासूबाईंच्या सांगण्यावरून साडीही हुमचाला गेली, नणंदबाई घेऊन गेल्या. ह्यांनी गाडीभाडे दिले आणि गप्प बसले.

यांत्रिक झडपेचा आवाज येतो, हे आम्हाला आधी माहीत नव्हते. दिवसा कळत नाही. रात्री सामायिकाला बसले की शेजारी घड्याळ ठेवल्यासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. सासूबाईंना आता कमी ऐकू येते. निजायच्या आधी त्या रोज मला हाक मारून विचारतात, "चालू आहे ना गं?" मी ह्यांच्या जवळ जाऊन ऐकते आणि मोठ्याने सांगते, "चालू आहे, आई."