मोठेपणाची जागा



पवित्र शास्त्राचा तास मी आज वीस वर्षें घेत आहें. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीं प्रभु येशूनें आपल्या शिष्यांचे पाय धुतले, हा प्रसंग त्या तासांत दर वर्षीं येतो. तो मीं इतक्या वेळां सांगितला आहे कीं, पुस्तक न उघडतांहि सांगूं शकेन. परंतु एखादी गोष्ट सांगतां येणें निराळें आणि ती समजणें निराळें, हें मला गेल्या दिवाळींत माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें शिकविलें.

हा विद्यार्थी वारकऱ्याच्या घरचा. शाळा सोडल्यावर आय. टी. आय. मध्यें शिकून तो चाकणच्या एका कारखान्यांत लागला व आतां तेथें एका पाळीचा सुपरवायझर आहे. ज्या चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाविरुद्ध लढविला, त्याच चाकणच्या माळावर आज मोटारींचे सुटे भाग रात्रंदिवस तयार होतात. फराळास त्यानें मला घरीं बोलाविलें, तेव्हां बोलतां बोलतां पुढील हकीकत निघाली.

एके रात्रीं पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा सेन्सर बिघडला. कामगाराचा हात आंत असतां प्रेस खालीं येऊं नये, एवढ्यासाठींच तो बसविलेला असतो. यंत्राच्या धोक्याच्या भागांपासून कामगाराचें रक्षण झालें पाहिजे, हें कायद्यानें १९४८ सालींच सांगून ठेविलें आहे. परंतु माल पहाटे रवाना व्हावयाचा होता. "आजची रात्र तशीच काढा," असा वरून निरोप आला. प्रेसवर पंधरा दिवसांपूर्वीं कंत्राटावर आलेला एक कोवळा पोरगा उभा होता. माझ्या विद्यार्थ्यानें प्रेस बंद केला, नोंदवहींत कारण लिहिलें आणि खालीं स्वतःची सही केली. माल अडला. त्या वर्षींची त्याची बढतीहि अडली. आणि नवल असें कीं, तो पोरगाच त्याच्यावर रुसला; कारण त्याचा ओव्हरटाइम बुडाला होता!

हें ऐकतांना मला पेत्राची आठवण झाली. प्रभु पाय धुवावयास वाकले, तेव्हां त्यानेंहि प्रथम नकोच म्हटलें होतें. ज्याची सेवा करावी त्याला ती त्या क्षणीं कळतेच असें नाहीं. सेवा करणाराला तरीहि वाकावें लागतें.

मीं मोठ्या आशेनें विचारलें, "हें तूं शास्त्राच्या तासांत शिकलास ना रे?"

तो संकोचला. "सर, खरें सांगूं? तो धडा मला आठवतो. पण हें मी माझ्या पहिल्या फोरमनकडून शिकलों. नवा मुलगा यंत्रावर उभा करण्यापूर्वीं ते स्वतः तासभर तें यंत्र चालवून पाहत. आणि सगळ्यांचे डबे उघडल्यावांचून त्यांनीं आपला डबा कधीं उघडला नाहीं."

परततांना मोशीच्या पुलावर इंद्रायणी ओलांडली, तरी तें वाक्य कानांत घुमत होतें. पुढें बस टेल्कोच्या कुंपणावरून गेली. त्या कारखान्याचे धुरीण सुमंत मूळगांवकर यांनीं तेथील ओसाड माळावर झाडें लावविलीं व तळें करविलें, हें जुने लोक सांगतात. १९९४ सालीं निघालेल्या 'सुमो' गाडीला त्यांच्याच नांवाचीं आद्याक्षरें दिलेलीं आहेत. गाडीवरचें नांव रस्त्यावर सर्वांना दिसतें. परंतु भर उन्हांत सावलींत विसावणाऱ्या कामगाराला झाड कोणीं लावलें हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. खऱ्या पुढारीपणाचें चिन्ह मला त्या नांवापेक्षां त्या सावलींत अधिक दिसतें.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. ती मात्र सुखाची नव्हती. तो विद्यार्थी दहावींत असतांना बक्षीससमारंभाची व्यवस्था माझ्याकडे होती. खुर्च्या वेळेवर मांडल्या गेल्या नाहींत म्हणून वृद्ध शिपाईमामांना मीं मुलांच्या देखत टाकून बोललों. मामा पहाटेपासून पाणी भरीत होते. मी हातांत यादी घेऊन उभा होतों. एकहि खुर्ची मीं उचलली नव्हती. त्या दिवशीं मुकाट्यानें खुर्च्या मांडूं लागलेल्या मुलांत हाच मुलगा होता. त्यानें त्याचा उच्चारहि केला नाहीं. परंतु त्या तासाला तो काय शिकला असेल, हें मला आतां कळलें.

पुढच्या रविवारीं उपासना आटोपल्यावर मी मामांच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. ते म्हणाले, "जाऊं द्या सर, कामांत होतंच असं." घरांत खुर्ची एकच होती. ती त्यांनीं मला पुसून दिली आणि स्वतः उंबऱ्यापाशीं बसले. मीहि खुर्ची सोडून त्यांच्याजवळ खालीं बसलों. चहा आम्हीं तेथेंच घेतला.

मुलांनो, तुमच्यापैकीं पुष्कळजण उद्यां याच पट्ट्यांतील कारखान्यांत जातील. कांहीं फोरमन होतील, कांहीं साहेब होतील. आजहि कोणी वर्गाचा मॉनिटर आहे, कोणी संघाचा कप्तान. हाताखालचीं माणसें आपल्या सुखासाठीं नसून त्यांचे हातपाय व त्यांची अब्रू प्रभूनें आपल्या स्वाधीन केली आहे, हें विसरूं नका. पालकांनाहि माझी विनंति आहे: मुलगा नोकरीला लागला म्हणजे "तुझ्या हाताखालीं किती माणसें आहेत?" एवढेंच विचारूं नका, "त्यांतलीं किती आज धडधाकट घरीं गेलीं?" हेंहि विचारा.