लाईन गेली गा

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या सुटीआधी सरांनी काम दिलं: घराजवळचे तीन आवाज रेकॉर्ड करा, सिग्नलच्या कोणत्या प्रकारात बसतात ते लिहा. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. पल्याड बालाघाट. आवाज म्हणाल तर बेडकं.

शेतीची लाईन तेव्हा रात्रीची. पहाटे चारला बाबा मोटार लावायला निघाले, मी मोबाईल घेऊन बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर बसलो. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणत होती. वीज 50 हर्ट्झची. पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून गुणगुण 100 हर्ट्झची. तोच नमुना पुन्हापुन्हा: पिरिऑडिक. बेडकांचं तसं नाही. पुढचं कोणतं, कधी ओरडेल, सांगता येत नाही. त्यांना मी रँडममध्ये टाकलं.

तेवढ्यात डीपी गप्प झाली.

"लाईन गेली गा," बाबा अंधारातून म्हणाले.

उजाडता उजाडता बांध्यांच्या पलीकडून सारसांची जोडी ओरडली. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, तरी इतक्या जवळून मी प्रथमच ऐकत होतो. नराची एक लांब हाक, तिच्यावर मादीच्या दोन आखूड. पुन्हा एक, पुन्हा दोन. मग थांबले. याला काय म्हणायचं? ताल पक्का, पण सुरुवात आहे, शेवट आहे. पुस्तकातला पिरिऑडिक सिग्नल अनादि-अनंत असतो. त्या हिशेबानं डीपीसुद्धा नापास.

घरी बाबांनी हेडफोन लावला. "रातकिडे कुठं गेले?"

खरंच नव्हते. पाळीवर तर कान किटले होते. चूक माझी: अ‍ॅपचं सेटिंग सेकंदाला 8,000 नमुन्यांचं होतं. हवेतला आवाज अखंड असतो. फोन त्याचे ठराविक अंतरानं ठिपके घेतो आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा देतो. ठिपके जितके, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे इथं 4,000. आमचे रातकिडे त्याच्या वर गात होते. दुसऱ्या पहाटे 44,100 वर लावून बसलो. रातकिडे भरपूर आले, सारस नाही.

शेवटी पहिलंच रेकॉर्डिंग दिलं. डीपीपुढे "पिरिऑडिक" लिहिलं, मार्क हवे होते. आणि लाईन जायच्या आधीच डीपीची फाइल कापली. कापलेला तुकडा अजून माझ्याकडे आहे. त्यात बाबा आहेत, रातकिडे नाहीत.