ब्लॉकवरची टेकडी

जवसाचं तेल, बुचाच्या सालीचा भुगा आणि खाली तागाचं कापड. माझ्या टेबलावरचा लिनोचा तुकडा मुख्यतः एवढ्याचाच बनलाय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने तो घरातल्या जमिनीवर अंथरायला शोधून काढला. पुढे चित्रकारांनी त्यावर कोरणी चालवली. घटकाभर उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि जवसाचा वास सुटतो. कारखान्यातून आला, तरी शेत विसरलेला नाही.

पुण्याची वेताळ टेकडी मी कितीतरी वर्षं लिनोवर कोरतेय. आधी फोनवर फोटो काढून आणायचे आणि घरी बसून कोरायचे. चित्रं नेटकी व्हायची, पण त्यांत जीव नसायचा. फोटोत उतार होता, उतारावरून येणारा वारा नव्हता. खरं दुखणं वेगळंच होतं. टेकडीवर जाऊनही मी टेकडीकडे बघेनाशी झाले होते. मोर ओरडला की मान वर जायच्या आधी हात खिशात जायचा.

गेल्या फेब्रुवारीपासून फोन घरी ठेवते. दगडखाणीच्या कडेला बसून थेट लिनोच्या ब्लॉकवर रेखाटते. तासाभराने नजर स्थिरावते. गिरिपुष्पाचा गुलाबी रंग लांबून पांढरट दिसतो; वाळल्या गवतात निदान तीन पिवळे असतात. आणि उताराची रेघ तोडून उभे असतात इमारतींच्या गच्च्यांवरचे मोबाईलचे टॉवर. फोटोतून मी ते कापून टाकत असे. आता कापत नाही. जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रांतली ती गाजलेली निळाईसुद्धा मुळात बर्लिनमध्ये तयार झालेल्या रसायनाची. यंत्राशी, रसायनाशी माझं भांडण नाहीच. इतकी वर्षं माझं बघणं कुणीतरी काढून नेलं आणि मी ते नेऊ दिलं, हे मला लागलंय.

या वेळी सगळे रंग एकाच ब्लॉकवरून छापले. आधी फिका पिवळा. मग चित्रात जिथे पिवळा राहायला हवा, तेवढा भाग ब्लॉकवरून कोरून काढायचा आणि उरलेल्यावर हिरवा फासून छापायचा. मग हिरव्याची पाळी. रंग कागदावर गेला की त्याची जागा ब्लॉकवरून कायमची जाते. चुकलं तर मागे फिरता येत नाही, म्हणून प्रत्येक कोरणीआधी पुन्हा टेकडीवर जाऊन बघून यावं लागतं. मी सात वेळा गेले.

परवा शेवटचा काळा छापला, चमच्याची पाठ कागदावर घासून, एकेक करत. बारा प्रती निघाल्या. तेरावी निघणार नाही. गवत, उतार, गिरिपुष्प, सगळं कोरून गेलंय. ब्लॉकवर आता फक्त टॉवर उरलेत, कागदावर डाव्याचे उजवे झालेले.