चतुःसीमा

सह्याद्रीत हिंडणाऱ्या हौशी मंडळींची एक वेगळी जात आहे, आणि लोक तिला सरसकट दुर्गप्रेमी म्हणत असले तरी ते नाव तिला नीटसे बसत नाही. कारण किल्ल्याला बुरूज असतो, बखरीत नाव असते आणि रविवारी गर्दी असते, तर ही मंडळी ज्याच्या शोधात असतात ती वस्तू म्हणजे बहुधा कड्याच्या पदरात, कारवीच्या रानाआड, वटवाघळांच्या उग्र दर्पात दडलेली एखादी चौकट असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला दोराच्या आधी कागद लागतो. मी या जातीचा. आयुष्यात जे थोडेफार चढणे-उतरणे झाले, त्याहून किती तरी अधिक वेळ माझा या कागदाच्या पाठीस लागण्यात, तो उतरवून घेण्यात आणि दुसऱ्याच्या हवाली करण्यात गेला आहे.

याचे कारण आमच्या दगडात आहे. मेघालयासारख्या चुनखडीच्या मुलखात पाणी खडकच विरघळवते आणि कोसच्या कोस भुयारे तयार करते; तिथल्या हौशी माणसाला एक तोंड सापडले की पुढची कित्येक वर्षे त्या एकाच गुहेची लांबी मोजण्यात खुशाल घालवता येतात. आमचा काळा पाषाण असा विरघळणारा नव्हे. लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा, मऊ थर झिजला की वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे उरतो, त्याची कपार होते. प्रपाताच्या मागे पोकळी पडली तर तिला घळ म्हणावे. आणि या निसर्गदत्त खळग्यांशेजारीच इसवी सनापूर्वी दोन शतकांपासून माणसाने छिन्नीने कोरलेली लेणी आणि पाण्याच्या पोढ्या. यांतले बहुतेक काही आत शिरून दोन घटकांत पाहून होते. अवघड असते ते त्यांचे ठिकाण. आणि ठिकाण हे मोजण्यापेक्षा सांगण्याची गोष्ट आहे.

सांगण्याची ही विद्या मी घरी शिकलो. माझे वडील भोर संस्थानाच्या सुधागड महालात कारकून होते. 1948 साली संस्थान विलीन झाले, कचेरीवरची पाटी बदलली, परंतु वडिलांचे वळणदार अक्षर आणि खरेदीखताचा मजकूर मात्र बदलला नाही. मौजे अमुक, पैकी जमीन अमुक, तिची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस ओढा, पश्चिमेस फलाण्याचे शेत, दक्षिणेस वहिवाटीची पायवाट, उत्तरेस सरकारी पड. शेजारचा मनुष्य जिच्याबद्दल शपथेवर जबानी देऊ शकणार नाही ती खूणच नव्हे, असे ते म्हणत, आणि एखादा पक्षकार ‘मोठ्या दगडापासून’ असे काही सांगू लागला की लेखणी थांबवून ‘कोणाला मोठा?’ एवढेच विचारीत. त्यांच्या दफ्तरात डोंगराला फारसे मोल नव्हते. ज्यावर आकार बसत नाही तो सारा पोटखराबा, आणि आमची लेणी त्या पोटखराब्यात कुठे तरी निवांत पडलेली होती.

ती किती निवांत होती, हे ठाणाळ्याच्या उदाहरणावरून दिसते. पालीच्या मुलखात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ठाणाळे गावच्या रानात विसाहून अधिक लेण्यांची रांग आहे. तीत चैत्यगृह आहे, विहार आहेत, स्मारकस्तूपांचा एक दाटीचा समूह आहे. असे असूनही फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी 1880 साली भारतातल्या लेण्यांचा जो विस्तीर्ण ग्रंथ सिद्ध केला, त्यात या रांगेची दखल नाही. माझा तर्क असा, की त्या काळच्या नोंदी ज्यांच्या अहवालांवर उभ्या राहत, ते मामलेदार इंग्रजी मुलखाचे होते, हा डोंगर मात्र भोरच्या पंतसचिवांच्या अमलात होता. आणि कागद अंमलाच्या हद्दीपाशी थबकतो, मग पलीकडे साक्षात बुद्धाचे घर का असेना. ही लेणी विद्वानांच्या जगापुढे आणली ती पुरातत्त्व खात्याच्या बाहेरच्या एका माणसाने. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मिशनरी. महिपतीचे आणि बहिणाबाईंचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून आपण त्यांना पुढे ओळखू लागलो. त्यांनी नाडसूर आणि नेणवली येथल्या लेण्यांवर 1891 साली लेख छापला, आणि त्याच वर्षी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या हेन्री कझिन्स यांचा सविस्तर वृत्तांत निघाला. ज्या माणसाने पुढे वारकऱ्यांच्या संतचरित्रांत इतकी वर्षे काढली, त्याने त्याआधी आमच्या गावकऱ्यांना ‘वर काय आहे?’ असे विचारले असेल, हे मला फार आवडते. त्या प्रश्नाखेरीज ती लेणी त्याला सापडणे शक्य नव्हते.

मात्र याच प्रकरणाने नव्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या घोटाळ्यात टाकले. ॲबटांचे नाडसूर तेच आजचे ठाणाळे; त्यांचे नेणवली ते कझिन्सांच्या कागदावर करसंबळे, आणि आम्ही म्हणतो खडसांबळे. एकाच डोंगराच्या पायथ्याशी दोन गावे असली की लेण्याला दोन नावे पडतात, आणि मुंबईत बसून याद्या जोडणाऱ्याच्या फेरिस्तीत एका लेण्याची दोन होतात. नावाच्या खाली चतुःसीमा असती तर हे घडते ना.

कागदावरून डोंगर शोधण्याचा दुसरा एक नमुना मी तरुणपणी ऐकला आणि त्याने मी पुरता झपाटलो. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव हे व्यवसायाने वकील. रामदासी मठांतली हस्तलिखिते मिळवण्यात आणि लावण्यात त्यांनी आयुष्य वेचले, आणि जुन्या कागदांतल्या खुणा जमिनीशी ताडून 1930 साली महाडजवळची शिवथरघळ त्यांनी निश्चित केली. दासबोधाचे हे स्थान लोकांच्या विस्मरणात गेले होते. या निश्चितीविषयी पुढे मतभेद झाले, आणि ते व्हावेतच, कारण देवांनी आपला आधार उघड मांडला होता. ज्याचा आधार कोणाला दाखवलाच जात नाही अशा शोधाशी मतभेद करण्याचीही सोय नसते.

आमच्या मंडळींची आपसांतली देवघेव मात्र पोस्टकार्डावर चालली. महाडकडचे एक पोस्टमास्तर, जुन्नरचे एक शाळामास्तर, पुण्यातले एक नकाशे काढणारे गृहस्थ आणि मी, असे ते वर्तुळ होते. कार्डाची जागा थोडी, म्हणून मजकुराला आपोआप शिस्त आली : वाट कोणत्या दांडाने, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, आग्या मोहोळ आहे की नाही, आणि दाखवली कोणी. हा शेवटचा तपशील मी कधी गाळू दिला नाही. ठाकरवाडीतला म्हातारा, धनगरवाड्यावरची बाई, मध काढणारा कातकरी, यांच्यावाचून आमच्यापैकी एकालाही काही सापडलेले नाही, आणि छापील लेखांत ‘आम्ही शोधून काढले’ असे वाचले की मला वडिलांची थांबलेली लेखणी आठवते.

वर्तुळाबाहेरचेही काही गृहस्थ होते. त्यांच्याजवळ मोठे बाड असे, ते दाखवीत नसत, आणि कोणी स्थळ विचारले तर ‘एकदा घेऊन जाईन’ असे सांगत. सावकाराने गहाणखत सांभाळावे तशी त्यांनी आपली टिपणे सांभाळली. त्यांच्या पश्चात ती बाडे रद्दीत गेल्याचे मी ऐकले आहे. त्यांच्याविषयी मला फारशी करुणा वाटत नाही, कीव येते ती त्यांना वाट दाखवणाऱ्यांची.

आमच्यातही एक उणीव होतीच : जिथे काही मिळाले ते सगळेच लिहीत, परंतु अमुक कड्याखालून तमुक नाळेपर्यंत सारा पदर पायी धुंडाळला आणि काहीही आढळले नाही, हे लिहायला कोणाची लेखणी उचलत नसे. परिणामी त्याच वांझ कड्याखालून दर दहा वर्षांनी नवी पोरे उन्हात हिंडत. शाळामास्तरांनी हा प्रश्न सोडवला. सरकारी तक्त्यात भरण्यासारखे काही नसले तरी तक्ता पाठवावा लागतो आणि त्यात ‘निरंक’ लिहितात, त्या धर्तीवर निरंक कार्डे पाठवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. त्या काळातली माझ्याजवळची सर्वांत मोलाची कार्डे हीच आहेत.

खुणा मरतात, हेही वयाबरोबर कळले. आंबा तोडला जातो, ओढ्यावर बंधारा पडतो, पायवाटेवर सडक येते. 2023 च्या जुलैत इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी रात्रीच्या रात्री दरडीखाली गेली. गडावर जाणाऱ्या आम्हा सर्वांच्या टिपणांत वाटेची सुरुवात त्या वाडीतून होती, आणि अशा ओळीवर कोणता शेरा मारावा हे मला अजून सुचलेले नाही.

तेव्हा आजची पिढी अक्षांश-रेखांश टिपते, हे योग्यच आहे. आकड्यांना आंबा लागत नाही. तरीही आकडे कोणालाही, कोठेही द्यावेत असे मला वाटत नाही. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथल्या एका वटवाघळाचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली केले, आणि रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे ते वटवाघूळ त्यानंतर कित्येक दशके साऱ्या जगात त्या एकाच गुहेतून ठाऊक होते. अशा गुहेत विजेऱ्या घेऊन चाळीस जणांची सहल शिरली तर काय होईल, ते सांगायला नको. आकडा हातात असलेला मनुष्य वाडी टाळून थेट तोंडापाशी उतरतो. चतुःसीमा हातात असलेल्याला मात्र ओढ्याचे नाव विचारायला कोणाच्या तरी ओट्यावर टेकावेच लागते, आणि तिथे त्याला सांगितले जाते की सध्या मोहोळ बसले आहे, किंवा तिकडे या महिन्यात जात नाहीत, किंवा नुसतेच, जाऊ नका. म्हणून माझा शिरस्ता असा, की चतुःसीमा मागेल त्याला द्यायची आणि आकडे ज्याचा अनुभव आहे त्याला.

गेल्या हिवाळ्यात एका तरुण अभियंत्याने माझ्या कागदांचे सारे रुमाल सोडून त्यांचा संगणकावर तक्ता करायला घेतला. मुलगा कष्टाळू आहे, त्याचे अक्षर वाईट आहे पण त्याचे आता काम पडत नाही. आमचे दोन कलमांवर वाजले. दाखवणाऱ्याचे नाव हा रकाना त्याला अनावश्यक वाटला. तो मी ठेवायला लावला. निरंक कार्डे मात्र तो गाळायलाच निघाला होता, कारण ज्या ठिकाणी काही नाही त्याचे अक्षांश-रेखांश काय लिहायचे, हा त्याचा प्रश्न वाजवी होता. शेवटी त्यानेच तोड काढली : निरंक नोंदीला बिंदू नाही, चार बाजू आहेत, पूर्वेस नाळ, पश्चिमेस सोंड, वर कडा, खाली पदराची कड. असे चौकोन आता त्याच्या नकाशावर जागोजाग उमटले आहेत, आणि त्यांतल्या दोन चौकोनांविषयी त्याला दाट संशय आहे की मास्तरांनी पावसाळ्यानंतर लगेच, कारवी उभी असताना, तो पदर पाहिला असावा. मास्तर आता नाहीत. कार्डावर महिना आहे, तो आश्विन. माघात गवत वाळल्यावर तो तिकडे जाणार आहे, आणि खालच्या वाडीत कोणाला भेटायचे ते मी त्याला लिहून दिले आहे.