‘शक्यतो’

खारघरमधल्या आमच्या वसाहतीत मुलांचे एक छोटे क्रीडामंडळ चालते. त्याची आचारसंहिता मराठीत आणण्याचे काम भाषेचा मास्तर म्हणून माझ्याकडे आले. ‘सेफगार्डिंग’ला प्रतिशब्द शोधण्यातच पहिली संध्याकाळ गेली. ‘सुरक्षा’ म्हटले की पहारेकरी आणि कॅमेरे आठवतात. २०१६च्या नोव्हेंबरात याच उपनगरातल्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली होती. टिपली, थांबवली नव्हती. मी ‘सांभाळ’ लिहिले. समितीला तो शब्द फारच घरगुती वाटला.

खरा वाद पुढे झाला. ‘प्रशिक्षकाने मुलाला एकट्याने बंद खोलीत भेटू नये’ या वाक्यात एका ज्येष्ठ सभासदांना ‘शक्यतो’ हवे होते. “अहो सर, आपलीच माणसं आहेत. त्यांच्या हातात हा कागद कसा द्यायचा?” त्यांचा संकोच मला कळत होता. आपल्याकडे परका माणूस तिसऱ्या भेटीत ‘काका’ होतो, प्रशिक्षक तर पहिल्याच दिवशी ‘दादा’. भाषेचा हा लोभसपणा मला प्रियच आहे. पण दादाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे मुलाला आधी नाते मोडावे लागते, आणि आठ वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कशी करावी?

मसुद्यात कर्मणी प्रयोगही फार. ‘गैरवर्तन केले जाऊ नये’ यात कर्ताच गायब! २०१२च्या पॉक्सो कायद्याला मात्र कर्ता आहे: गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवायचे, हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. २०२०च्या नियमांत शाळा, पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचाही नावानिशी उल्लेख आहे. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायचीच. तिथे ‘शक्यतो’ नाही. हे वाचून दाखवल्यावर ज्येष्ठांनी तो शब्द सोडला, काहीशा नाराजीनेच.

उरले शेवटचे कलम: तक्रार कोणाकडे करावी? मसुद्यात होते ‘संबंधित व्यक्ती’. मी म्हटले, इथे नाव हवे. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या खुर्चीवरच्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनी आपला फोन नंबर सांगितला, आणि दोनदा सांगितला, कारण चिटणिसांनी पहिल्यांदा तो लिहूनच घेतला नव्हता.